फोर-व्हील ड्राइव्हचा स्वे बार दुरुस्त करावा की काढून टाकावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या पुढच्या भागातून टकटक असा आवाज येऊ लागतो, मेकॅनिक खाली वाकून पाहतो आणि म्हणतो, ‘स्टॅबिलायझरची लिंक गेली आहे.’ त्याच वेळी ऑफ-रोडिंग करणारा एखादा मित्र सांगतो, ‘नवीन लिंक कशाला घालतोस, बारच काढून टाक, गाडी दगडांवर जास्त चांगली चढेल.’ मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तो सल्ला दगडांवरच्या गाडीसाठी आहे आणि गाडी तर रोज डांबरी रस्त्यावर धावते. या दोन सल्ल्यांमध्ये अडकलेल्या गाडीमालकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत.

स्वे बार म्हणजे गाडीचा नेमका कोणता भाग?

पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांच्या सस्पेन्शनला आडवा जोडणारा, यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंग-पोलादाचा दांडा म्हणजे स्वे बार. त्यालाच अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर बार म्हणतात. त्याचा मधला सरळ भाग दोन बुशांमधून (रबरी कड्यांमधून) क्लॅम्पने चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरलेला असतो आणि दोन्ही टोके एकेका आखूड लिंकने सस्पेन्शनच्या आर्मला किंवा ॲक्सलला (दोन चाकांमधल्या आसाला) जोडलेली असतात. काही गाड्यांत हीच मांडणी उलटी असते, म्हणजे दांडा ॲक्सलवर असतो आणि लिंक वर चेसिसकडे गेलेल्या असतात. त्याने कामात फरक पडत नाही.

ट्रेलर ओढताना त्याचे डोलणे रोखण्यासाठी हिचवर जे साधन लावतात, त्यालाही काही जण स्वे बार म्हणतात. ते साधन वेगळे आहे आणि इथल्या उत्तरांशी त्याचा संबंध नाही.

हा दांडा काम कसा करतो?

जाड तारेचा एक तुकडा यू आकारात वाकवा, मधला भाग कोणाला तरी सैल मुठीत धरायला सांगा आणि दोन्ही टोके तुम्ही धरा. दोन्ही टोके एकदम वर-खाली केली तर तार मुठीत नुसती फिरते, काहीच जोर लागत नाही. एक टोक वर आणि दुसरे खाली नेऊ लागलात की मधला भाग पिळला जातो आणि तार विरोध करते. स्वे बारचे काम इतकेच आहे. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा तो स्वस्थ असतो. वळणावर बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते आणि आतल्या बाजूची सुटते, तेव्हा तो पिळला जातो आणि गाडीचे कलणे रोखतो.

अडचण अशी की बारला वळण आणि खड्डा यांतला फरक कळत नाही. एक चाक मोठ्या दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात उतरू पाहत असले, तरी बारच्या दृष्टीने ती तीच स्थिती असते आणि तो तितक्याच जोराने विरोध करतो. बार ठेवावा की काढावा, हा सगळा वाद या एका गोष्टीतून निघालेला आहे.

दांड्याची जाडी थोडी वाढली तरी त्याचा ताठपणा खूप वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. २५ मिलिमीटरचा भरीव बार काढून त्याच आकाराचा २८ मिलिमीटरचा घातला, तर फरक दिसायला ३ मिलिमीटरचा असतो, पण ताठपणा दीडपटीहून अधिक होतो.

शॉक ॲब्सॉर्बर उत्तम असतील तर बारची गरज काय?

दोघांची कामे वेगळी आहेत. शॉक ॲब्सॉर्बर हालचालीच्या वेगावर नियंत्रण ठेवतो, म्हणजे गाडी किती झपकन कलेल हे तो ठरवतो. ती शेवटी किती कलेल हे स्प्रिंग आणि स्वे बार मिळून ठरवतात. बार काढून महागातले शॉक ॲब्सॉर्बर बसवले, तर लांबलचक गोल वळणावर गाडी सावकाश कलेल, पण अखेरीस बार असताना कलायची त्यापेक्षा जास्तच कललेली असेल.

बारची जोडणी खराब झाली आहे हे कसे ओळखावे?

बार स्वतः क्वचितच खराब होतो. झिजतात त्या लिंक आणि बुश. लिंकच्या टोकाचा बॉल जॉइंट सैल झाला की कमी वेगात, लहान लहान खळग्यांच्या रस्त्यावर, कोरडी आणि झपाट्याने येणारी टकटक ऐकू येते. मोठ्या गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा मात्र आवाज बहुधा येत नाही किंवा फार कमी येतो, कारण त्या वेळी लिंकवर फारसा भार नसतो. ही खूण मला फार उपयोगाची वाटते. सपाट गतिरोधकावर गाडी शांत आणि तिरप्या खळग्यावर आवाज करणारी असेल, तर मी सर्वांत आधी स्वे बारच्या लिंककडेच पाहतो. चेसिसवरचे बुश झिजले असतील तर आवाज जड, दबका येतो आणि रबर कोरडे पडले असेल तर कुरकुर येते.

तपासणी करताना गाडी चारही चाकांवर, सपाट जागेवर उभी असावी. एकच चाक जॅकवर उचलले तर बार पिळला जातो, सैल जॉइंटवर ताण येतो आणि जी ढिलाई शोधायची तीच लपते. हँडब्रेक लावून आणि चाकांना अटकाव घालून गाडीखाली जा, लिंक मुठीत धरा आणि वर-खाली जोरात हलवा. चांगली लिंक बॉल जॉइंटवर थोडी गोल फिरेल, पण लांबीच्या दिशेने खट् असा आवाज करणार नाही. जॉइंटवरचे रबरी आवरण फाटलेले असेल आणि आतले ग्रीस माती मिसळून काळपट लगद्यासारखे झाले असेल, तर आज आवाज नसला तरी ती लिंक फार काळ टिकणार नाही. त्यानंतर क्लॅम्पजवळ बार धरून हलवा. दांडा आणि बुश यांच्यामध्ये फट दिसत असेल, किंवा दांड्यावर बुशच्या जागी घासून चकचकीत पट्टा पडला असेल, तर बुश बदलायची वेळ झाली आहे.

एक लिंक तुटली तर अर्धा बार काम करत राहतो का?

नाही, अजिबात करत नाही. एक टोक मोकळे झाले की पिळण्यासाठी लागणारा आधारच उरत नाही आणि बार बुशांमध्ये नुसता फिरतो. एक लिंक तुटलेली गाडी म्हणजे त्या ॲक्सलवर बार नसलेलीच गाडी, शिवाय लोंबकळणारे टोक ब्रेकच्या पाइपला किंवा टायरला लागण्याचा धोका वेगळा.

आवाज येत होता म्हणून बार काढून पाहिला. गाडी शांत झाली आणि मऊही वाटते. मग पुन्हा बसवायचा कशासाठी?

बार काढून टाकण्याचे निर्णय बहुतेक वेळा याच अनुभवावर घेतले जातात, आणि मला वाटते की इथे तुलनाच चुकीची होते. तुम्ही बार असलेल्या गाडीची बार नसलेल्या गाडीशी तुलना केलेली नसते. तुम्ही झिजलेल्या लिंकच्या गाडीची लिंकच नसलेल्या गाडीशी तुलना केलेली असते. आवाज सैल जॉइंटचा होता, तो जॉइंट निघाला म्हणून आवाज गेला, आणि श्रेय मात्र बार काढण्याला मिळाले. सैल जॉइंट असलेला बार आधी थोडे अंतर काहीच करत नाही आणि मग एकदम ताणला जातो, त्यामुळे प्रत्येक खळग्यावर हादरा बसतो. नव्या लिंक आणि नवे बुश घातलेला तोच बार हा हादरा देत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आधी दुरुस्ती करावी, निदान महिनाभर गाडी चालवावी आणि मग बार हवा की नको ते ठरवावे. लिंक आणि बुश हे सस्पेन्शनमधल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी आहेत. पुढे बार काढायचाच ठरला, तरी तो खर्च वाया जात नाही, कारण काढलेला बार एक दिवस परत लावावा लागेल तेव्हा हेच भाग उपयोगी पडतील.

मऊपणाचा भाग मात्र काही अंशी खरा आहे. ज्या कच्च्या वाटेवर खड्डे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे येतात, तिथे ताठ बार एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला पोहोचवतो आणि आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हेलकावतात. बार मोकळा केला की हे हेलकावे नक्की कमी होतात.

ऑफ-रोडवर बार काढण्याचा खरोखर किती फायदा होतो?

ते गाडीच्या बांधणीवर अवलंबून आहे आणि सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पुढे सलग ॲक्सल, कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलला धरणारे अनेक दांडे असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ जीप रँग्लरमध्ये, पुढचा बार मोकळा केल्यावर चाकांची वर-खाली होण्याची मोकळीक डोळ्यांना दिसेल इतकी वाढते. चाक हवेत लटकण्याऐवजी जमिनीला लागून राहते. साध्या, लॉक नसलेल्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीत याचे महत्त्व फार आहे, कारण हवेतले चाक नुसते गरगरत राहते आणि जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही.

पुढे रेडियस आर्म (ॲक्सलला चेसिसशी जोडणारे लांब दांडे) असलेल्या गाड्यांत, म्हणजे ८० मालिकेची टोयोटा लँड क्रूझर किंवा वाय६० आणि वाय६१ या निस्सान पॅट्रोल, गणित वेगळे आहे. तिथे प्रत्येक रेडियस आर्म दोन बुशांनी ॲक्सलला घट्ट धरलेला असतो. ॲक्सल तिरपा होऊ लागला की ते बुश स्वतःच विरोध करतात आणि ॲक्सल व आर्म मिळून एक प्रकारचा स्वे बारच तयार होतो. त्यामुळे पुढचा बार काढून हाती फार काही लागत नाही. अशा गाड्यांत मागचा बार मोकळा केल्याचा फायदा अधिक जाणवतो.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत चाकाची हालचाल मुळात आर्मची लांबी, शॉक ॲब्सॉर्बर आणि सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्याचा) कोन यांनी बांधलेली असते. बार काढल्यावर चाक त्या मर्यादेपर्यंत अधिक सहज पोहोचते, पण मर्यादा तीच राहते. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या अनेक पिकअपना मागे बार नसतोच, कारण पाट्यांची बांधणी स्वतःच कलण्याला बराच विरोध करते.

आपल्या गाडीत किती फरक पडतो हे मोजायचे असेल तर सोपी पद्धत आहे. एक चाक उतरत्या फळीवर किंवा रॅम्पवर सावकाश चढवत न्या आणि दुसरे कोणतेही चाक जमिनीवरून सुटेल त्या क्षणी थांबा. रॅम्पवर कापलेले अंतर भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर), गुणिले एक हजार, हा आकडा लिहून ठेवा. मग त्याच रॅम्पवर बार मोकळा करून पुन्हा मोजा. वेगवेगळ्या कोनांच्या रॅम्पवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून रॅम्प बदलू नये आणि दुसऱ्याच्या आकड्याशी स्पर्धाही करू नये.

बार मोकळा केल्यावर चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबते, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का, एबीएसची वायर ओढली जाते का, कॉइल स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटते का, हे पहिल्याच वेळी कोणाला तरी बाहेर उभे करून पाहून घ्यावे.

रस्त्यावर बार नसला तर नेमके काय बिघडते?

रोजच्या सावध चालवण्यात फार काही बिघडत नाही आणि त्यामुळेच माणूस फसतो. गाडी वळणावर जास्त कलते, स्टीअरिंग फिरवल्यापासून गाडी वळण्यापर्यंतचा क्षण लांबतो, आणि चालकाला आठवड्याभरात याची सवय होते. खरा प्रश्न उद्भवतो तो अचानक एका बाजूला कापून लगेच परत आपल्या लेनमध्ये यावे लागते तेव्हा. पहिल्या वळणात गाडी एका बाजूला पूर्ण कलते आणि ती सावरण्याआधीच चालक स्टीअरिंग उलट फिरवतो. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सगळा हेलकावा एकदम होतो. उंच गाडी, छतावर कॅरियर, कॅरियरवर पाण्याचे कॅन आणि जादा टायर असे असेल तर परिस्थिती आणखी नाजूक होते.

मी स्वतः पुढचा बार काढून काही महिने गाडी चालवली आहे. मागचा बार तसाच होता, कारण तो काढायला अवघड जागी होता आणि मी कंटाळा केला. एकदा महामार्गावर साधारण ८० च्या वेगात समोर पडलेला लाकडाचा ओंडका चुकवताना मी उजवीकडे कापले आणि परत आलो. जाताना गाडी गेली, येताना मात्र मागचे टोक बाहेर सरकले आणि मला स्टीअरिंग उलट फिरवून ते सावरावे लागले. रस्ता मोकळा होता म्हणून त्या दिवशी काही झाले नाही. घरी आल्यावर मी सर्वांत आधी पुढचा बार परत लावला.

फक्त पुढचा किंवा फक्त मागचा काढला तर?

वरच्या प्रसंगाचे कारण याच प्रश्नात आहे. वळणावर भार आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे सरकतो, आणि ज्या ॲक्सलवर कलण्याला जास्त विरोध असतो तो ॲक्सल या सरकणाऱ्या भाराचा जास्त वाटा उचलतो. जास्त वाटा उचलणाऱ्या ॲक्सलची पकड आधी सुटते. कारखान्यात पुढच्या-मागच्या विरोधाचे प्रमाण असे ठरवलेले असते की पकड सुटलीच तर आधी पुढची चाके घसरावीत, कारण पुढे घसरणारी गाडी सामान्य चालकाला वेग कमी करून सावरता येते.

पुढचा बार काढून मागचा ठेवला की हे प्रमाण मागच्या बाजूला झुकते आणि मागचे टोक आधी सुटू शकते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ही सर्वांत वाईट जोडी आहे. फक्त मागचा काढला तर गाडी जास्त कलेल आणि वळताना पुढे सरकू पाहील. तेही चांगले नाही, पण तुलनेने सावरण्याजोगे आहे. दोन्ही काढले तर पुढचा-मागचा तोल काय होईल हे स्प्रिंगांवर ठरते, कलणे मात्र सर्वाधिक असते.

गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. ते सांभाळून घेणार नाही का?

ती यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक लावून गाडीला ठरलेल्या दिशेत ठेवण्याचा प्रयत्न करते, आणि तिचे हिशेब मूळ बार, मूळ उंची आणि मूळ टायर गृहीत धरून जुळवलेले असतात. बार काढल्यावर ती बंद पडत नाही, पण जी गाडी तिला माहीत आहे ती आता राहिलेली नसते. गाडीचे कलणे ती रोखू शकत नाही. ती हाताशी आहे म्हणून बार काढणे मला योग्य वाटत नाही.

रस्त्यावर बार हवा आणि दगडांवर नको, असा मधला मार्ग आहे का?

आहे, आणि बहुतेक गाडीमालकांसाठी तोच योग्य आहे. मूळ लिंकच्या जागी पिनने सुटणाऱ्या लिंक मिळतात. वाट सुरू होते तिथे सपाट जागी थांबायचे, दोन्ही बाजूंच्या पिना काढायच्या, बारची टोके वर करून पट्ट्याने बांधायची आणि परतताना पुन्हा जोडायची. जोडताना छिद्रे जुळत नसतील तर गाडी उंचसखल जागी उभी आहे असे समजावे. थोडी पुढे-मागे करून चारही चाके एका पातळीत आणली की पिन हाताने आत जाते. हातोड्याने ठोकून बसवू नये.

निर्मात्यांनीही हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडवला आहे. २००७ च्या जीप रँग्लर रुबिकॉनपासून पुढचा बार बटणाने मोकळा करता येतो आणि वेग ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वर गेला की तो आपोआप पुन्हा जोडला जातो. वाय६१ निस्सान पॅट्रोलच्या काही आवृत्त्यांत मागचा बार मोकळा करण्याची सोय होती. टोयोटाने २००७ मध्ये आलेल्या २०० मालिकेच्या लँड क्रूझरमध्ये केडीएसएस (कायनेटिक डायनॅमिक सस्पेन्शन सिस्टिम) ही यंत्रणा दिली. तिच्यात पुढच्या आणि मागच्या बारला हायड्रॉलिक सिलिंडर असतात. वळणावर दोन्ही बार एकाच दिशेने पिळले जातात तेव्हा त्यांतले तेल अडून राहते आणि बार काम करतात. ऑफ-रोडवर पुढचा ॲक्सल एकीकडे आणि मागचा दुसरीकडे तिरपा होतो तेव्हा तेल एका सिलिंडरमधून दुसऱ्यात जाते आणि बार सैल पडतात. वळण आणि खड्डा यांतला जो फरक साध्या बारला कळत नाही, तो इथे तेलाच्या प्रवाहाने ओळखला जातो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

अशी हायड्रॉलिक व्यवस्था असलेल्या गाडीचा बार साध्या बारप्रमाणे सोडू नये. सर्व्हिस मॅन्युअलमधली पद्धत वाचल्याशिवाय तिथल्या नटाला पाना लावू नका.

गाडी उंच केली आहे. जुन्या लिंक चालतील का?

बहुधा नाही. गाडी ५० मिलिमीटर उंच केली की चेसिस वर जाते, ॲक्सल तिथेच राहतो आणि बारची टोके खाली ओढली जातात. मूळ उंचीवर बारचे हात साधारण जमिनीला समांतर आणि लिंक साधारण उभी असते. ती स्थिती परत आणण्यासाठी तेवढ्या लांबीच्या लिंक घालाव्या लागतात किंवा चेसिसवरचे क्लॅम्प ठोकळे घालून खाली घ्यावे लागतात. हे केले नाही तर चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा लिंक आणि बार जवळजवळ एका रेषेत येतात, आणि चाक वर येताना बार उलट्या बाजूला पलटी खाऊ शकतो. उंच केल्यावर स्टीअरिंगच्या रॉडला, प्रोपेलर शाफ्टला किंवा टायरला बार कुठे घासत नाही ना, हे स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे.

लिंक आणि बुश घरी बदलता येतात का?

हाताला पान्यांची सवय असेल तर येतात. नट गंजलेले असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. बॉल जॉइंटच्या लिंकमध्ये नट फिरवू लागताच आतला स्टडही त्याच्याबरोबर गरगर फिरतो आणि नवखा माणूस इथेच हात टेकतो. स्टडच्या टोकाला बहुधा षटकोनी खाच असते. तिच्यात ॲलन की घालून स्टड स्थिर धरायचा आणि रिंग पान्याने नट सोडायचा. खाचेत माती भरलेली असते, ती टोकदार सळीने नीट खरवडून काढल्याशिवाय की आत पूर्ण बसत नाही आणि खाच झिजते. मग कापण्यावाचून उपाय राहत नाही.

लिंक नेहमी डावी-उजवी जोडीने बदलाव्यात. नायलॉनच्या कड्याचे लॉकनट पुन्हा वापरू नयेत. शेवटची कसणी गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याने टॉर्क रेंच लावून करावी, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासावी. केवळ लिंक बदलल्याने व्हील अलाइनमेंट करावी लागत नाही.

काही नव्या गाड्यांत बुश दांड्यालाच चिकटवलेले असतात आणि ते वेगळे मिळत नाहीत. अशा वेळी बारसकट संच घ्यावा लागतो, म्हणून भाग मागवण्याआधी खात्री करून घ्या.

रबरी बुश घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?

रोजच्या गाडीसाठी रबरी. ते शांत असतात आणि त्यांची देखभाल करावी लागत नाही. पॉलियुरेथेनचे बुश अधिक ताठ असतात आणि बारचा परिणाम लवकर जाणवतो, पण योग्य सिलिकॉन ग्रीस नसेल तर कुरकुरतात, आणि चिखल-पाण्यातून गेल्यावर ते ग्रीस पुन्हा भरावे लागते. साध्या रबराला पेट्रोलियमचे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, रबर फुगून मऊ पडते.

बारला तडा गेला आहे. वेल्डिंग करून चालेल का?

चालणार नाही. हे पोलाद ठरावीक तापमानाला तापवून आणि थंड करून स्प्रिंगसारखे केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचा गुण जातो आणि बार पुन्हा तिथेच, किंवा शेजारी, तुटतो. तडे बहुधा वाकणाशी किंवा बुशखाली साचलेल्या गंजाच्या खड्ड्यातून सुरू होतात. बार बदलावा. दुसऱ्या गाडीतून काढलेला चांगला बारही चालतो, मात्र त्याचा व्यास आणि आकार तोच आहे का, हे व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्यावे.

गाडी उभी असताना एका बाजूला झुकते. बार बदलून सुधारेल का?

सहसा नाही. उभ्या गाडीची उंची स्प्रिंग धरतात, म्हणून आधी दबलेली किंवा तुटलेली स्प्रिंग शोधा. याला एक अपवाद आहे. लांबी बदलता येणाऱ्या लिंक घातल्या असतील आणि दोन्हींची लांबी सारखी नसेल, तर बार कायम थोडा पिळलेला राहतो आणि गाडी झुकते. एक लिंक सोडून पाहा, लगेच कळेल.

दूरच्या वाटेवर लिंक तुटली तर काय करावे?

तुटलेला तुकडा काढा, दुसऱ्या बाजूची चांगली लिंकही सोडा आणि बारची दोन्ही टोके टायर, ब्रेकचे पाइप आणि स्टीअरिंगच्या रॉडपासून दूर, जाड तारेने किंवा पट्ट्याने घट्ट बांधा. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून काही अडत नाही ना ते पाहा. छतावरचे जड सामान आत, शक्य तितके खाली ठेवा. लिंक पुढची असेल तर डांबरी रस्त्याला लागण्याआधी मागचा बारही सोडावा असे माझे मत आहे, म्हणजे मागचे टोक सुटण्याचा धोका कमी होतो. वेग मुद्दाम कमी ठेवा, विशेषतः वळणांवर. दोन जादा लिंक आणि दोन नवे लॉकनट टूलबॉक्सच्या कोपऱ्यात मावतात.

नियम आणि विमा यांचे काय?

नियम देशागणिक वेगळे आहेत. अनेक ठिकाणी निर्मात्याने दिलेला सुरक्षेचा भाग काढणे हा बेकायदा बदल धरला जातो आणि न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडू शकतो. काढण्याआधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी, दोन्हीकडे लेखी विचारणा करावी. पिनने सुटणाऱ्या लिंकबद्दलही विचारावे.

मग बार कायमचा काढणे कधी योग्य ठरते?

जी गाडी ट्रेलरवरून वाटेपर्यंत नेली जाते आणि फक्त दगडांवर, चालण्याच्या वेगाने चालते, तिला बार नसला तरी चालते. ज्या गाडीचे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर जाणकाराने बार नसल्याचे गृहीत धरून निवडले आहेत आणि जी नंतर मोकळ्या मैदानात वेगात तपासली आहे, तिच्याबद्दलही माझी तक्रार नाही. कुटुंबाला घेऊन महामार्गावर जाणारी, ट्रेलर ओढणारी किंवा छतावर सामान वाहणारी गाडी असेल, तर बार दुरुस्त करून ठेवावा.

काढलेला बार कसा जपून ठेवावा?

तो विकू नका. गाडी पुढच्या मालकाला देताना तो बसवून द्यावा लागेल. दांडा पुसून, बुशच्या जागचा गंज काढून त्यावर रंगाचा हात द्या. क्लॅम्प, बोल्ट आणि वॉशर एका पिशवीत घालून ती पिशवी दांड्यालाच बांधा आणि वरची बाजू कोणती ते खडूऐवजी रंगाने लिहून ठेवा, कारण अनेक बार उलटे धरले तरी बसतात असे वाटते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात डिफरन्शियलवर आपटतात.